सेबरचा इलेक्ट्रिक संच: दीड वर्षाच्या वापरानंतर

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतोय. तलवारबाजीशी माझा संबंध आला तो मुलामुळे. आमचा ओंकार सोळा वर्षांचा आहे, डावखुरा आहे आणि सेबर हा तलवारबाजीचा प्रकार खेळतो. सिडकोतून पंचवटीला सरावाला जातो, आठवड्यातून पाच दिवस. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही त्याला पूर्ण इलेक्ट्रिक संच घेतला, म्हणजे वार लागला की मशीनवर दिवा पेटतो ते सगळं सामान. घेण्याआधी मी महिनाभर शोधलं, पण कुठला भाग किती टिकतो, कशावर पैसे घालावेत आणि कशावर नाही, हे मराठीत कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही. उत्तरेकडचं आहे, ऑनलाइन माल पाठवतं, आणि त्यांच्या काही वस्तू खरंच चांगल्या निघाल्या.

संच घ्यायचं ठरलं ते ३१ जुलै २०२४ च्या रात्री. पॅरिस ऑलिंपिकची पुरुषांची सांघिक सेबर त्या दिवशी होती. आपल्याकडे अंतिम सामना व्हायला खूप उशीर झाला. बाहेर पाऊस धो धो, आणि ओंकारच्या संघातली तिन्ही पोरं आमच्याकडेच मुक्कामाला. बायकोने रात्री अकराला खिचडीचा दुसरा कुकर लावला. तिकडे पॅरिसच्या ग्रां पाले या हॉलच्या काचेच्या छताखाली कोरिया आणि हंगेरी समोरासमोर होते.

ज्यांनी सांघिक सेबर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. तिघं समोरच्या तिघांशी आळीपाळीने खेळतात, म्हणजे नऊ लढती. गुण मात्र पुढे चालू राहतात. पहिली लढत पाचपर्यंत, दुसरी दहापर्यंत, असं करत शेवटची पंचेचाळीसपर्यंत. आधीचा मागे पडला असेल तर त्याची भरपाई पुढच्याने करायची. आमची पोरं याला रिले म्हणतात.

त्या सामन्यात सहा लढती झाल्या तेव्हा कोरिया ३०, हंगेरी २९. एका गुणाचा फरक. सातव्या लढतीला कोरियाने गु बोन-गिलला बाकावर बसवलं आणि राखीव खेळाडू दो ग्योंग-डोंगला उतरवलं. समोर क्रिस्तियान राब. दोने एकही गुण न देता सलग पाच घेतले. ३५-२९. पुढे पार्क सांग-वॉनने सिलाजीसमोर ४०-३३ केलं. सिलाजी म्हणजे २०१२, २०१६ आणि टोकियो अशी ओळीने तीन वैयक्तिक सुवर्णपदकं घेतलेला माणूस. शेवटी ओ सांग-उकने सामना ४५-४१ ने संपवला. लंडन, टोकियो, पॅरिस अशी कोरियाची सलग तीन सांघिक सुवर्णपदकं झाली (मधे रिओत हा प्रकार कार्यक्रमातच नव्हता).

आमच्या घरात त्या सातव्या लढतीला जो आरडाओरडा झाला, त्याने खालच्या मजल्यावरचे काका उठून आले. ओंकार मात्र गप्प होता. तो आपल्या संघाचा राखीव आहे. सामना संपल्यावर एवढंच म्हणाला, "पप्पा, तो सगळा वेळ तयार बसला होता." दुसऱ्या दिवशी मी कामावरून त्याच्या प्रशिक्षक सरांना फोन केला आणि विचारलं, स्वतःचा संच घ्यायचा तर काय काय लागतं. तोवर तो क्लबच्या सामानावर खेळत होता.

आम्ही चार घरांनी मिळून ऑर्डर दिली, म्हणजे कुरिअरचा खर्च वाटला जाईल. आमच्या वाट्याचं बिल असं होतं. मास्क ५,२०० रुपये. लामे, म्हणजे वरून घालायचं ते धातूच्या धाग्याचं चंदेरी जॅकेट, ४,३००. दोन तलवारी ६,८००. दोन बॉडी वायर १,५००. हातमोजा १,४००. आतलं पांढरं जॅकेट, पँट आणि काखेखालचं संरक्षक कापड मिळून ६,९००. मास्क वायर एक, २५० रुपये. कुरिअर ६००. एकूण २६,९५०. कंपनीच्या सोसायटीतून उचललेले पंचवीस हजार आणि वरचे हातातले. माझ्यासारख्या माणसाला ही रक्कम छोटी नाही, म्हणून प्रत्येक वस्तू मी पेटीतून काढल्या काढल्या मीटर लावून तपासली.

आता हा खेळ वायरमनच्या नजरेने सांगतो, कारण हे कळलं की खरेदी करणं सोपं जातं.

सेबरमध्ये कमरेच्या वरचं जवळपास सगळं शरीर लक्ष्य असतं, डोकं आणि हातसुद्धा. फक्त पंजा नाही. टोकाने टोचलं तरी चालतं, पात्याच्या धारेने मारलं तरी चालतं. इपी आणि फॉईल या तलवारबाजीच्या दुसऱ्या दोन प्रकारांत तलवारीच्या टोकाला बटण असतं. सेबरला ते नाही, इथे आख्खं पातंच तार आहे. खेळाडूच्या पाठीमागून बॉडी वायर निघते ती मशीनकडे जाणाऱ्या रीळला जोडलेली असते. तिच्यात तीन तारा. एक जॅकेटला चिकटते, दोन तलवारीच्या सॉकेटला. जॅकेटपासून मास्कपर्यंत एक छोटी वायर जाते, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, तीच मास्क वायर. समोरच्याचं पातं तुमच्या जॅकेटला किंवा मास्कला लागलं की सर्किट पूर्ण होतं आणि त्याचा दिवा पेटतो.

मला हे समजायला दोन दिवस लागले, पण समजलं तेव्हा फार बरं वाटलं: जॅकेट आणि मास्क आपण विकत घेतो, आपण घालतो, आणि ते काम समोरच्याचं करतात. माझ्या मुलाच्या तलवारीची वायर तुटली तर त्याचे गुण जातात. माझ्या मुलाच्या जॅकेटमधला धागा मेला तर समोरच्या पोराचे गुण जातात. म्हणून तपासणीला इतके नियम आहेत. जॅकेटच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधला रोध ५ ओहमच्या वर चालत नाही. मास्कचंही तसंच. बॉडी वायरच्या प्रत्येक तारेला १ ओहमची मर्यादा.

वेळेचा हिशोबही इथे वेगळाच. एकाचा वार लागला की साधारण १७० मिलिसेकंदांत दुसऱ्याचा लागला तरच दुसऱ्याचा दिवा पेटतो, नंतर मशीन बंद. २०१६ च्या आधी हीच वेळ १२० होती. आपल्या घरातल्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेचे साडेआठ फेरे होतात तेवढा हा वेळ. दोन्ही दिवे पेटले तर आधी हल्ला कुणाचा होता ते पंच ठरवतात. एवढ्या बारीक वेळेत वायर क्षणभर सुटली तरी जिवापाड मारलेला वार फुकट जातो.

आता एकेक वस्तू.

मास्क उत्तम. दीड वर्षात जाळीला पोचा नाही, आतली गादी सुटलेली नाही, हनुवटीखालच्या चंदेरी भागाची शिलाई शाबूत. स्पर्धेत जाळी तपासायला बारा किलोच्या दाबाचं टोकदार अवजार लावून बघतात, त्यात दोनदा पास झाला. मास्कच्या बाबतीत मी कुणालाही पैसे वाचवा असं सांगणार नाही. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव्ह हा ऑलिंपिक विजेता फॉईल खेळत होता. समोरच्याचं पातं मोडलं आणि ते मोडकं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांनी तो वारला. आजची कडक जाळी, जाड कापड, पात्याचं वेगळं पोलाद, हे सगळं त्या अपघातानंतर आलं. बायकोला मी हे सांगितलं नव्हतं, पण ओंकारने सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या रात्री मास्कची जाळी अंगठ्याने दाबून बघायचं काम ती करते. एक लक्षात ठेवा: आमचा मास्क ३५० न्यूटनच्या दर्जाचा आहे (टोचणारा जोर किती सोसतो, त्याचं हे माप). आंतरराष्ट्रीय स्पर्धेला १६०० न्यूटनचा आणि कपडे ८०० न्यूटनचे लागतात, तेही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शिक्क्याचे. पोरगं त्या वाटेवर असेल तर सरांशी आधीच बोलून एकदाच मोठा खर्च करा.

आतलं पांढरं जॅकेट आणि पँट चांगली. धुऊन धुऊन पिवळसर झाली, पण शिवण कुठे उसवली नाही.

तलवारी मध्यम. पूर्ण तलवारीचं वजन ५०० ग्रॅमच्या आत लागतं. आमच्या खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर एक ४१५ भरली, दुसरी ४३०. म्हणजे नियमात आहेत. पण एकाचं पातं पाच महिन्यांत मोडलं, टोकापासून साधारण वीतभर आत. सर म्हणाले, सेबरमध्ये पाती मोडणारच, तो खर्च धरूनच चाला. मला ते पटलं. तक्रार आहे ती मुठीच्या मागच्या टोकाच्या नटाबद्दल. त्यावर इन्सुलेशन असतं. आमच्या दोन्ही नटांवर पातळ रंगासारखा थर होता, तो चार महिन्यांत घासून गेला. मग हातमोज्याचा चंदेरी भाग त्या उघड्या धातूला टेकायचा आणि मशीनवर पिवळा दिवा चमकायचा, कारण स्वतःची तलवार स्वतःच्याच कपड्याला लागत होती. मी नटावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी, चढवली, प्रश्न संपला. पण हे गिऱ्हाइकाने करायचं काम नव्हे.

हातमोजा. ऑर्डरमध्ये "डावा" असं लिहिलेलं होतं, तरी उजव्या हाताचा आला. फोन केला तर समोरचा म्हणाला, पाठवून द्या, बदलून देतो. पाठवला. चाळीस दिवस लागले. मधे सात फोन, प्रत्येक वेळी वेगळा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. त्या चाळीस दिवसांत ओंकार सरांच्या जुन्या मोज्यावर खेळला, त्याची दोन बोटं उघडी होती. करंगळीच्या सांध्यावर वार बसून त्याची नखाखालची जागा काळीनिळी झाली. तुमचं मूल डावखुरं असेल तर ऑर्डर देताना फोनवर सांगा, लेखी द्या, आणि पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून उलट लिहून घ्या. जॅकेटची चेनसुद्धा डाव्या-उजव्याप्रमाणे बदलते.

लामे जॅकेटवर मी जास्त वेळ घालवला, कारण ते हळूहळू मरतं आणि डोळ्यांना कळत नाही. नवीन आलं तेव्हा कुठेही मोजा, दीड-दोन ओहम. आता महिन्यातून एकदा रात्री जेवणं झाली की मी ते टेबलावर पसरतो. मीटरची टोकं थेट लावली तर कापडाला भोकं पडतात, म्हणून दोन्ही बाजूंना पाच रुपयांचं जाड नाणं ठेवतो आणि टोक नाण्यावर दाबतो. एक नाणं कॉलरजवळ स्थिर ठेवायचं, दुसरं चार-चार बोटांवर सरकवत न्यायचं. ओंकार आकडे वहीत लिहितो. पाठ दोन. उजवा खांदा दोन. डावा खांदा तीन. आणि गेल्या ऑक्टोबरात डाव्या काखेखाली नाणं ठेवलं तर मीटर चौदा दाखवायला लागला. तीनदा मोजलं. तिथलं कापड जवळून बघितलं तर चांदीसारखा रंग जाऊन शेवाळी-काळपट झाला होता, आणि अंगठा फिरवला की धागे खरखरीत लागत होते. डावखुऱ्या पोराची काख, तिथे सगळ्यात जास्त घाम, आणि प्रत्येक वाराला तिथेच घडी पडते.

चूक आमचीही होती. पावसाळ्यात सरावाहून भिजून यायचा आणि ओलं पांढरं जॅकेट, लामे, मोजे सगळं एकाच बॅगेत कोंबायचा. संचाबरोबर आलेल्या बॅगेला कप्पा एकच. घामातलं मीठ रात्रभर त्या धाग्यात बसायचं. आता लामे वेगळ्या सुती पिशवीत जातं. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात, दोन थेंब सौम्य साबण, नुसतं बुडवून वर-खाली करायचं. पिळायचं नाही, ब्रश नाही, इस्त्री नाही. रुंद हँगरवर सावलीत वाळवायचं आणि घडी घालायचीच नाही, कपाटात टांगून ठेवायचं. काखेखालच्या त्या जागेवर बायकोने सरांकडून मिळालेल्या जुन्या लामेचा तुकडा शिवला. कडेकडेने दोनदा मशीन मारलं, म्हणजे जुन्या नव्या कापडाचा संपर्क सगळीकडून राहील. आता तिथे चार ओहम येतात. पास होतं, पण सांभाळून. या किमतीत वर्षभर चांगलं चाललं, त्यामुळे लामेबद्दल माझी तक्रार नाही.

तलवारीलाही पावसाळ्याची काळजी हवी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस बॅगेत राहिली की पात्यावर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपर मारून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं, आणि खेळायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. पात्याला धारेवर खाचा पडतात. त्या बारीक कानशीने उतरवा, नाहीतर समोरच्याचं लामे फाटतं.

आता वायर. मी हे सगळं लिहायला बसलो ते या वायरीसाठी.

बॉडी वायर दोन्ही पहिल्या दिवशी मीटरवर बरोबर होत्या, अर्ध्या ओहमच्या आत. तीन महिन्यांत एक गेली, सात महिन्यांत दुसरी. दोन्ही एकाच जागी: तलवारीच्या बाजूच्या प्लगमध्ये, जिथे तार आत शिरते तिथे. सेबरचं मशीन तलवारीकडच्या दोन तारांचं वर्तुळ सतत तपासत असतं, ते तुटलं की पांढरा दिवा पेटतो. म्हणजे दोष लपत नाही, एवढं बरं. पण प्लग उघडून बघितला तेव्हा मला राग आला. तारेला आत पकड नव्हती. हात हलला की सगळा ताण थेट सोल्डरवर. आणि सोल्डर कोरडं, दाणेदार, घाईत टेकवलेलं. कंपनीत माझ्या हाताखालच्या अप्रेंटिसने असं काम केलं तर मी ते त्याच्यासमोर कापून परत करायला लावतो. साडेसातशे रुपयांच्या वस्तूत दहा पैशांची गाठ मारलेली नव्हती.

मास्क वायरीत तेच. क्लिपच्या आत पंधरा-वीस बारीक तारांपैकी चार-पाचच पकडलेल्या, बाकीच्या बाहेर कापलेल्या.

गेल्या हिवाळ्यात विभागस्तरावरची सांघिक स्पर्धा होती. सकाळच्या सामन्यात आमच्या पहिल्या खेळाडूची मास्क वायर तुटली. त्याच दुकानातली, आमच्याच ऑर्डरमधली. ओंकारने स्वतःची काढून दिली. "मी बसलोच आहे ना," म्हणाला. मी प्रेक्षकांत होतो, मला ते दिसलं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. डोक्यात हे आलं नाही की आता राखीव खेळाडूकडे मास्क वायरच नाही. पॅरिसचा तो सामना आम्ही त्यानंतर किमान दहा वेळा बघितला असेल, तरीही.

दुपारी उपांत्य सामना. पाच लढतींनंतर आम्ही २२, ते २५. सरांनी सहाव्या लढतीला ओंकारला उतरवलं. त्याने सरांच्या पेटीतली जुनी मास्क वायर लावली. खेळ सुरू होण्याआधी दोघं एकमेकांच्या जॅकेटला आणि मास्कला पातं लावून दिवा तपासतात. समोरच्या मुलाने जॅकेटला लावलं, दिवा पेटला. मास्कला लावलं, काही नाही. पुन्हा लावलं, नाही. क्लिपची स्प्रिंग सैल झाली होती, जाळीला धरतच नव्हती. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं आणि दुसरी वायर मागितली. पंचांचं बरोबरच होतं. खेळाडूने पिस्टवर, म्हणजे खेळायच्या पट्टीवर, दोन तलवारी, दोन बॉडी वायर, दोन मास्क वायर चालू स्थितीत घेऊन यायचं, हा नियम आहे. ओंकार मास्क हातात धरून उभा. सर पेटी उलटी करून शोधतायत. आमचा पहिला खेळाडू धावत बॅगेकडे गेला, पण त्याची बॅग हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्यांचा राखीव. स्वतःच्या मास्कची वायर काढली, पिस्टच्या कडेने येऊन ओंकारच्या हातात दिली आणि परत जाऊन बसला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दिवा पेटला.

ओंकारने ती लढत २६-३० ने सोडली. चार घेतले, पाच दिले. त्यातला एक वार त्याने मागे मागे सरकत, समोरच्याचा हल्ला पोकळ पडायची वाट बघून हातावर मारला. तो मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. सामना आम्ही ३८-४५ ने हरलो. वायर चालू असती तर जिंकलो असतो असं मी म्हणणार नाही, ते समोरचे चांगलेच खेळत होते. पण ती दोन मिनिटं माझा मुलगा सगळ्या हॉलसमोर सामान नसलेला म्हणून उभा होता. २६,९५० च्या बिलातली ती सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि मी तिची एकच नग मागवली होती.

दुकानाला मी फोटोंसकट लिहिलं: प्लगच्या आतला, सोल्डरचा, क्लिपचा. उत्तर आलं, वायर ही झिजणारी वस्तू आहे, तिला वॉरंटी नाही. वायर झिजते हे मलाही माहीत आहे. पण ती तीन महिन्यांत प्लगच्या तोंडाशी तुटते तेव्हा ती झिजलेली नसते, नीट बनवलेली नसते. एवढंच त्यांना परत लिहिलं. त्यावर काही आलं नाही.

त्या रविवारी मी एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून चांगल्या स्प्रिंगच्या क्रोकोडाइल क्लिप, मऊ मल्टिस्ट्रँड वायर आणि हीट श्रिंक आणली. एक मास्क वायर नव्वद रुपयांत पडली. तार क्लिपच्या शेपटीतून दोनदा ओवून घेतली, सगळे धागे पकडले, सोल्डर चकचकीत होईपर्यंत गरम केलं, वर दुहेरी स्लीव्ह. मग ओंकारला एक टोक धरायला सांगून ओढून बघितली. मीटरवर ०.२. बॉडी वायरींचे जुने प्लगही उघडून आत गाठ मारून पुन्हा जोडले, ते अजून चालतायत. बॉडी वायर विकत घ्यायची तर पारदर्शक प्लगची घ्या. आतली जोडणी दिसते आणि तुटली तर खेळाडूलाच आधी कळतं.

या दुकानातून पुन्हा घेईन का? मास्क आणि पांढरे कपडे, होय, तिथूनच. लामेसुद्धा, त्याच किमतीत मिळालं तर. पाती दुसरीकडची बघतोय. हातमोजा समोर हातात घालून बघितल्याशिवाय आता घेणार नाही. वायर त्यांची कधीच नाही. आणि ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी दुसरी तलवार क्लबची घ्या, बॅग घरातली वापरा, पण वायरी दुप्पट ठेवा, आणि सगळ्यात आधी राखीव खेळाडूच्या. त्याच्या बॅगेतली वस्तू संघाने काढली तर ती लगेच भरून ठेवायची, असा नियम आता आमच्या सरांनी केला आहे. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय, त्यावर चार नावं आणि चौघांच्या वायरींची मोजणी.

मी एकूण आठ मास्क वायर बनवल्या. चार आमच्या पोरांना, दोन सरांच्या पेटीत. ओंकारने त्या मुलाची वायर सामन्यानंतर लगेच परत केली होती, पण उरलेल्या दोन त्याने बाजूला काढून ठेवल्यात. पुढच्या महिन्यात तो संघ नाशिकला सरावसामन्यासाठी येतोय. स्लीव्ह निळी हवी म्हणाला, त्यांच्या मोज्यांचा रंग निळा आहे. कालच एम. जी. रोडला जाऊन निळी घेऊन आलो.